तुम्ही विचारलंत म्हणून: पुण्याचा त्या बर्फाशी काय संबंध?

सिंहगडाच्या पायथ्याशी, आतकरवाडीत, परवा पुन्हा एका काकांनी विचारलं, "ताई, हिमालयातली शिखरं तुम्ही चढणार आणि हवामान बदलासाठी मदत आमच्याकडे मागणार. पुण्याचा त्या बर्फाशी काय संबंध?"

आधी खरं तेच सांगते. पुण्याच्या नळाला हिमालयाचं पाणी येत नाही. खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर ही चारही धरणं सह्याद्रीतल्या पावसावर भरतात. पण ज्या उष्णतेनं तिकडचा बर्फ आटतोय, तीच इकडच्या पावसाचा स्वभाव बदलतेय. हवा एका अंशानं तापली की सुमारे ७ टक्के जास्त बाष्प धरते, आणि मग कोसळते तेव्हा मागचंपुढचं बघत नाही. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यातला आंबिल ओढा अरण्येश्वर भागातल्या घरांत शिरला. ओढा आपणच आवळला होता, हेही खरं. ३० जुलै २०१४ ला आपल्याच जिल्ह्यातलं माळीण दरडीखाली गेलं, १५१ माणसं गेली. तिथेही पाऊस एकटा दोषी नव्हता. पण कमकुवत उताराला मुसळधार पाऊस सोसत नाही, एवढं तर कळतंच.

मला हे पुस्तकातून कळलं नाही. उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत (निम) बेसिक कोर्सला होते, सराव डोकरियानी बामक हिमनदीवर. बर्फ लागेपर्यंत नुसते दगडगोटे तुडवत चाललो. वाटेत एका करड्या दगडावर हात ठेवून आमचे प्रशिक्षक, उस्तादजी, थांबले. म्हणाले, "मी शिकायला आलो तेव्हा बर्फ इथपर्यंत होता." मी वर पाहिलं. मातीनं काळवंडलेलं हिमनदीचं तोंड खूप पुढे होतं, आणि आमच्या पायांखाली, दगडांच्या आत कुठेतरी, पाणी वाहत असल्याचा आवाज येत होता. तो आवाज अजून कानात आहे. काठमांडूच्या इसिमोड संस्थेचा २०२३ चा अहवाल पुढे वाचला: २०११ ते २०२० मध्ये हिंदुकुश-हिमालयातल्या हिमनद्या आधीच्या दशकापेक्षा ६५ टक्के जास्त वेगानं आटल्या. वाचताना मला तो दगडच दिसत होता.

एका कंपनीनं शिखरावर त्यांचा झेंडा फडकवायला पैसे देऊ केले. डोंगराकडेच्या शाळांतल्या पाऊस मोजण्याच्या कामासाठी मात्र तरतूद नाही म्हणाले. मी नको म्हटलं. खूप जड गेलं, कारण मोहिमेचा खर्च माझ्या आवाक्यातला नाही. पण मला आत्ता शिखरापेक्षा शाळा जास्त महत्त्वाच्या वाटतात.

मदत हवी आहे ती वेल्हे, मुळशी, आंबेगावातल्या डोंगराकडेच्या शाळांत पर्जन्यमापक बसवायला आणि मुलांना माळीणला नेऊन आणायला. एका शाळेत सुरुवात झाली आहे. सहावीतली एक मुलगी रोज सकाळी साडेआठला नळी डोळ्यांसमोर धरते, आकडा वहीत लिहिते. परवा तिनं विचारलं, "ताई, किती पाऊस झाला की घर सोडायचं?"

ते शिकवायलाच मला तुमची साथ हवी आहे. तुमच्या गावच्या शाळेला अंगण असेल, तर तिथूनच सुरू करू.