एक जोडी, चार महिने: किनाऱ्यावर स्केटचे बूट टिकवण्याचा माझा अनुभव

रत्नागिरीत स्केटबोर्ड चालवताना बूट दोन बाजूंनी मरतो. बाहेरून त्याला ग्रिपटेप, म्हणजे बोर्डवर चिकटवलेला पॉलिश पेपरसारखा खरखरीत थर, खाते, आतून घाम आणि खारी हवा. ग्रिपटेपचं दुखणं जगात सगळीकडे सारखंच आहे. खाऱ्या हवेचं मात्र आपलं आपल्यालाच बघावं लागतं. इथला बूट फाटण्याआधी उकलतो, सोल एकीकडे आणि वरचा भाग दुसरीकडे. हे ध्यानात आल्यावर मी बूट निवडण्यापासून वाळवण्यापर्यंत सगळंच बदललं. आठवड्यातून पाच सकाळी तासभर, एवढ्या वापरात माझी जोडी पूर्वी सहा आठवड्यांत संपायची. आता चार महिने जाते.

स्केटच्या बुटांच्या मुख्य जाती दोन. व्हल्कनाइज्ड बुटाचा सोल पातळ असतो. कडेने रबराची पट्टी गुंडाळतात आणि बूट भट्टीत तापवून रबर पक्कं करतात. हा पहिल्या दिवसापासून वाकतो, बोर्ड तळव्याला लगेच कळतो. कपसोलमध्ये सोल साच्यातून वाटीसारखा काढलेला असतो, त्यात वरचा भाग बसवून कडेने शिलाई मारतात. पहिले आठ-दहा दिवस तो पायाला लाकडासारखा लागतो, पण टाचेला आधार चांगला देतो. व्हल्कनाइज्ड बुटाची पट्टी इथे बोटांच्या घडीपाशी सुटते. त्या फटीत रेती गेली की ती प्रत्येक पावलाला पाचरीसारखी आत घुसते. कपसोलचा गोंद गेला तरी शिलाई सोलाला धरून ठेवते, म्हणून मी कपसोलच घेतो. नव्याने शिकणाऱ्याला मात्र मी पहिले तीन महिने व्हल्कनाइज्डच सुचवेन, कारण पाय बोर्डवर नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय ऑली, म्हणजे हात न लावता बोर्डसकट मारायची उडी, बसत नाही.

वरचा भाग स्वेडचाच, म्हणजे मऊ लव असलेल्या चामड्याचाच हवा. कॅनव्हास लवकर वाळतो खरा, पण ग्रिपटेपपुढे आठवडाभरही टिकत नाही. विकत घेताना मी बुटात हात घालून करंगळीच्या बाजूला आतून दाबून बघतो. स्वेडखाली रबराचा थर असेल तर तो भाग जाड आणि लवचीक लागतो. त्या थराने बुटाचं आयुष्य महिनाभर तरी वाढतं. माप संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना आणि रोजचे मोजे घालून घ्यावं. बोटांपुढे अर्ध्या बोटाची जागा पुरे. सैल बुटात पाय आधी आतल्या आत सरकतो आणि मग बोर्डला ओढतो, त्यामुळे ऑली उशिरा उठते.

झीज नेमकी कुठे होते ते आधी बघावं. रेग्युलर म्हणजे डावा पाय पुढे, गूफी म्हणजे उजवा. ऑलीत पुढच्या पायाच्या करंगळीची बाजू ग्रिपटेपवरून घासत वर जाते, म्हणून पहिलं भोक त्या रुपयाएवढ्या जागेत पडतं. पायाने ब्रेक लावायची सवय असेल तर मागच्या बुटाचा सोल आधी गुळगुळीत होतो. म्हणून नवी जोडी घालण्याआधीच मी पुढच्या बुटाच्या त्या बाजूच्या टाक्यांवर काडीने रबरी गोंदाची बारीक रेघ ओढतो आणि ती २४ तास वाळू देतो. टाका तुटल्यावर लावलेल्या गोंदाचा फारसा उपयोग नसतो. नवी ग्रिपटेप असेल तर तिच्याच उरलेल्या तुकड्याने पाय सरकतो तेवढी जागा हलकेच घासून घेतो. पकड जराशी कमी होते, बुटाचं आयुष्य बरंच वाढतं.

लेस तुटते तीही याच जागी. खालच्या दोन भोकांतून लेस अशी ओवायची की घासणाऱ्या बाजूला ती आतून जाईल. मधेच तुटली तर तुटलेल्या टोकांना भोकापाशी गाठी मारायच्या आणि वरची लेस बांधून खेळ पुरा करायचा.

आता ठिगळ. स्वेड चकचकीत होऊन आतले धागे दिसू लागले की त्याच दिवशी काम करायचं. मोजा दिसेपर्यंत थांबलं की ठिगळाला धरायला कड उरत नाही. जागा जुन्या टूथब्रशने झाडून पूर्ण वाळवायची आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करायची. सायकलच्या ट्यूबचा तुकडा झिजलेल्या जागेपेक्षा चहूबाजूंनी एक सेंटिमीटर मोठा कापायचा, कोपरे गोल करायचे. कोपरा टोकदार राहिला तर तिथूनच तो उचलला जातो. पंक्चरचं सोल्युशन बुटाला आणि तुकड्याला, दोन्हींना पातळ लावून पाचेक मिनिटं थांबायचं. बोट लावल्यावर चिकटत नाही असं झालं की मगच दाबायचं. इथे घाई केली की ठिगळ पहिल्याच दिवशी निघतं. आत चिंध्या ठासून बूट रात्रभर वजनाखाली ठेवायचा. ट्यूबच्या रबराची पकड स्वेडपेक्षा जास्त असते, त्यामुळे पहिले दोन दिवस किकफ्लिप, म्हणजे उडीत बोर्डला पायाने दिलेली गिरकी, जड वाटते. मग रबर झिजून बरोबर होतं. झटपट चिकटणारा गोंद मात्र या कामाला वापरू नये. तो काचेसारखा कडक होतो, बूट वाकला की तडकतो आणि सोबत स्वेडचं साल काढतो.

सोल उकलायला लागला तर मी एसटी स्टँडजवळ बूट शिवणाऱ्यांकडे जातो. त्यांना एकच गोष्ट सांगतो: “काका, नायलॉनचा दोरा घ्या आणि टाका खाचेत बसवा.” टाका सोलाच्या वर राहिला तर डांबरावर दोन दिवसांत कापला जातो.

असं कापणं-चिकटवणं स्केटबोर्डिंगमध्ये जुनं आहे. स्टीव्ह कॅबलेरो या नामवंत अमेरिकन स्केटरच्या नावाचा उंच बूट इतर स्केटर घोट्याखाली कापून, कडेला टेप लावून वापरत होते. ते बघूनच व्हॅन्स या बूट कंपनीने १९९२ साली आखूड हाफ कॅब काढला.

जमिनीचंही बघावं लागतं. इथल्या डांबरी रस्त्यावर खडी वर आलेली असते. ९९ए कडकपणाची (आकडा मोठा तितकं चाक कडक) ५२ मिलिमीटरची चाकं तिथे पाय बधिर करतात. रस्त्यासाठी ७८ए ते ८७ए मधली, ५६ मिलिमीटरच्या पुढची चाकं बरी. पेव्हर ब्लॉकच्या फटींत लहान चाक अडकतं. सरावाला सर्वांत चांगलं म्हणजे कोबा घातलेलं खळं. ते मागून घ्यायचं असतं आणि घरच्या कामाला आधी मान द्यायचा असतो. सुपारी किंवा आमसुलं वाळत असतील तर तिथे चाक फिरवायचं नाही. ग्राइंडसाठी, म्हणजे चाकांमधला धातूचा दांडा कडेवरून घासत नेण्यासाठी, कडाप्प्याची कड उत्तम, त्यावर मेणबत्तीचा एक हात पुरतो. जांभ्याचा कट्टा कितीही मोहात पाडो, त्याची कड भुगा होऊन ढासळते, आणि तो लाल भुगा स्वेडमध्ये बसला की पॉलिश पेपरसारखं काम करतो. मांडवीच्या जेट्टीवर सकाळी आधी तळहाताने जमीन चाचपावी. डोळ्यांना कोरडी दिसते, पण खाऱ्या दवाने बुळबुळीत असते.

घरी आल्यावरची दहा मिनिटं सर्वांत मोलाची. लेस पूर्ण सैल करायची, आतला तळवा बाहेर काढायचा, लाल धूळ ब्रशने झाडायची. समुद्राचं पाणी लागलं असेल तर तेवढा भाग गोड्या पाण्याच्या ओल्या फडक्याने दोन-तीनदा पुसायचा. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे मीठ आत राहिलेला बूट दिवसभर पंख्याखाली ठेवला तरी संध्याकाळी दमटच लागतो. नंतर वर्तमानपत्राचे बोळे भरायचे आणि दोन तासांनी ते बदलायचे. दुपारच्या उन्हात किंवा चुलीशेजारी ठेवला की गोंद मऊ पडतो आणि स्वेड कडक होतं. जमल्यास दोन जोड्या एकाआड एक वापराव्यात, एकीला वाळायला पुरा दिवस मिळतो.

बेअरिंगला मी किनाऱ्यावर पातळ तेलाऐवजी ग्रीस भरतो. चाक थोडं मंद फिरतं, पण गंज कमी लागतो. नेहमीचं माप ६०८ च, म्हणजे आत ८, बाहेर २२ आणि जाडी ७ मिलिमीटर.

रत्नागिरीत वर्षाला ३,००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, बहुतेक जून ते सप्टेंबरमध्ये. तेव्हा मी रस्ता सोडतो आणि पडवीत चटईवर चाकं काढलेल्या फळीवर पायांची जागा पक्की करतो. बूट प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवत नाही, आत ओल कोंडून बुरशी धरते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो आणि पंधरा दिवसांनी उघडून बघतो. स्वेडवर पांढरी भुरी आलीच तर अंगणात कोरड्या ब्रशने झाडतो, मग व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडक्याने पुसतो. स्वस्तात मिळाली म्हणून जादा जोडी दोन-तीन वर्षं साठवत नाही. सोलमधला पॉलियुरेथेनचा (फोमसारखा) थर दमट हवेत न वापरताही आतून विरतो आणि पहिल्याच उडीला भुगा होतो. ऑक्टोबरमध्ये जोडी बाहेर काढली की आधी अंगठ्याने टाच जोरात दाबतो, मग बूट बोटांच्या घडीपाशी दहा वेळा वाकवतो. कुठे करकर आवाज आला किंवा फट उघडली, तर खळ्यावर उतरण्याआधी तिथे गोंद जातो.