दोघांचा वाफसा

काळ्या जमिनीत काम करणाऱ्या माणसाला वर्षातून मोजकेच दिवस मिळतात. पाऊस पडून गेल्यावर पहिले दोन-तीन दिवस माती खोऱ्याला अशी चिकटते की दर दोन घावांनंतर खोरे काठीने खरवडावे लागते. आणि आठवडा उलटून ऊन लागले की तीच माती दगड होते, कुदळ उडते आणि मनगटाला झिणझिण्या येतात. या दोन टोकांच्या मधले जे चार दिवस, त्यांना वाफसा म्हणतात. मातीत ओल असते पण चिखल नसतो. मूठभर माती दाबली तर तिचा लाडू वळतो, आणि त्या लाडवाला अंगठ्याने हळूच टोचले तर तो भुसभुशीत होऊन बोटांतून गळतो. लाडूच वळला नाही तर उशीर झाला, आणि अंगठ्याचा ठसा उमटून लाडू तसाच राहिला तर घाई झाली. ही परीक्षा मी गेली पंचवीस-तीस वर्षे घेत आलो आहे. अलीकडे अडचण एवढीच झाली आहे की जमिनीबरोबर मलाही वाफसा यावा लागतो.

बहात्तराव्या वर्षी ते सहसा जुळत नाही. जमीन तयार असते तेव्हा कंबर धरलेली असते, आणि कंबर मोकळी होईपर्यंत जमिनीला भेगा पडू लागतात. पंचगंगेला राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांची इशारा पातळी आणि ४३ फुटांची धोका पातळी आहे, हे कोल्हापुरात पोरासोरांनाही पाठ असते. माझ्या गुडघ्यालाही अशा दोन पातळ्या आहेत. उकिडवे बसल्यापासून दहा मिनिटांनी इशारा मिळतो, आणि पंधराव्या मिनिटाला उठण्यासाठी कोणाला तरी हाक मारावी लागते.

घर रंकाळ्याच्या पलीकडच्या वसाहतीत आहे. आमच्या आधी या जागेवर ऊस होता, त्यामुळे माती काळी आणि खोल आहे. प्लॉट दोन गुंठ्यांचा. घर, अंगण आणि गाडीची जागा जाऊन मागे जे उरले ते आमचे परडे. नोकरी पाटबंधारे खात्यात आरेखकाची झाल्यामुळे आराखडा काढल्याशिवाय मला खड्डाही खणता येत नाही. परड्यासाठी एक वेगळी वही आहे. तिच्यात दर पाडव्याला नव्या वर्षाचा नकाशा काढायचा, एक इंचास चार फूट या प्रमाणात, आणि वर्षअखेरीला त्यातले जे झाले नाही ते पुढच्या पानावर ओढायचे, असा माझा रिवाज आहे. परवा ती वही चाळताना एक गोष्ट लक्षात आली. चाळिशीतल्या पानांवर जेमतेम चार रेघा आहेत आणि काम मात्र पानात न मावणारे झालेले आहे. कारण तेव्हा नोकरीवरून आल्यावर दिवेलागणीपर्यंत खणायचे आणि नंतर वाटले तर नकाशात भरायचे, एवढाच क्रम होता. अलीकडची पाने पाहावीत तर काटछेद आहेत, उंचीचे आकडे आहेत, निचऱ्याचे बाण आहेत, वेलाच्या मांडवाचा स्वतंत्र तपशील आहे, आणि परड्यात त्यातला एकच वाफा उभा आहे.

मागल्या खेपेला असाच एक काटछेद टेबलावर पसरलेला पाहून सौ. म्हणाली, "अहो, राधानगरीचं धरण बांधायचं काढलंय काय?" ती उपहासाने बोलली असली तरी मला ही तुलना सोयीची वाटली. राधानगरीचे काम राजर्षी शाहू महाराजांनी हाती घेतले आणि ते पुरे झाले स्वातंत्र्यानंतर. परड्यातल्या वाफ्याला एवढी मुदत कोणी देणार नाही हे खरे.

त्या उभ्या वाफ्याची हकीगत सांगण्यासारखी आहे. पूर्वी मी वाफे सहा-सहा फूट रुंद करीत असे. मध्ये पाय टाकून, वाकून, प्रसंगी गुडघे टेकून तण काढता येत असे, त्यामुळे रुंदीचा विचार जमिनीच्या सोयीने व्हायचा. या वेळी तो माझ्या सोयीने करायचा ठरवले, आणि मग पहिल्यांदाच ध्यानात आले की आयुष्यभर मी जमीन मोजली, स्वतःला कधी मोजले नाही. एका दुपारी सोप्यात स्टूलवर बसलो, हातात खडू घेतला आणि पुढे न झुकता, खांदा न ताणता हात जिथवर सहज पोहोचेल तिथे फरशीवर खूण केली. सौ.ने टेप धरला. "बावीस इंच," ती म्हणाली आणि किंचित थांबून पुढे म्हणाली, "पोट जरा आत घेऊन परत बघा." पोट आत घेऊन तेवीस भरले, पण पोट आत घेऊन कोणी खुरपत नाही, म्हणून मी बावीसच धरले. दोन्ही बाजूंनी हात जाणार असेल तर वाफा चव्वेचाळीस इंचांचा चालला असता. मी मात्र छत्तीसच ठेवला. धरणाच्या कामात फॅक्टर ऑफ सेफ्टी ठेवतात. पाच वर्षांनी हात आणखी आखडणार, हे गृहीत धरायला काय हरकत आहे?

उंची ठरवणे त्या मानाने सोपे गेले. खुर्चीची असते तेवढी, म्हणजे दीड फूट, की कडेवर बसूनच काम व्हावे आणि उकिडवे बसण्याचा प्रश्नच मिटावा. कडेला जांभ्याचे चिरे लावले, खालच्या थरात सांध्यांमध्ये मुद्दाम फटी ठेवल्या, कारण आपल्याकडचा जुलैचा पाऊस अशा पेटीत साठला तर मुळ्या कुजायला चार दिवस पुरतात. मग मातीचा हिशेब केला. दहा फूट लांब, तीन फूट रुंद, दीड फूट उंच, म्हणजे पंचेचाळीस घनफूट, अर्ध्या ब्रासला थोडे कमी. कागदावर हा आकडा किरकोळ दिसतो. पण घमेल्यात माती साधारण अर्धा घनफूट बसते, तेव्हा नव्वद घमेली. आणि ओलसर मातीचे घमेले वीस किलोच्या आसपास भरते, तेव्हा पावणेदोन टन वजन परड्याच्या एका टोकाकडून दुसरीकडे न्यायचे. तरुणपणी हा हिशेब मी कधीच केला नाही, आणि केला असता तर बाग झाली नसती, असे मला आता वाटते.

त्यावर उपाय असा काढला की खालचा अर्धा भाग मातीने भरायचाच नाही. तळाशी नारळाच्या शेंड्या, त्यावर छाटणीच्या काटक्या, मग उसाचे पाचट, त्यावर शेणकाला, आणि माती फक्त वरच्या नऊ इंचांत. पाचट आपल्याकडे मागाल तेवढे मिळते. ते तळाशी राहील याची मात्र काळजी घ्यावी लागते. कच्चे पाचट वरच्या मातीत मिसळले तर ते कुजवणारे जिवाणू पिकाच्या वाटणीचे नत्र आधी उचलतात आणि रोपे पिवळी पडतात. वरच्या मातीत जुने कुजलेले शेणखत घातले आणि ओळखीच्या एका गुऱ्हाळावरून चुलवाणातली दोन बुट्ट्या राख आणली, ती मूठमूठ विसकटली. वाळू घातली नाही. वाळूच्या बाबतीत मी एकदा पोळलो आहे. घर बांधल्यावर उरलेली वाळू काळ्या मातीत मिसळली की ती मोकळी होईल, असा साधा विचार करून मी तीन पाट्या वाळू एका वाफ्यात ओतली होती. उन्हाळ्यात त्या वाफ्याचे जे झाले ते वीटभट्टीवर नेऊन विकता आले असते. चिकणमाती मोकळी होते ती खताने, पालापाचोळ्याने, आणि तेही सावकाश.

पहिल्या पावसाळ्यात तो वाफा चार बोटे खचला. खालचे पाचट कुजून बसणार हे मला ठाऊक होते, पण इतके बसेल असे वाटले नव्हते. दिवाळीनंतर पुन्हा पंधरा-सोळा घमेली माती चढवावी लागली, आणि ती मामांनी चढवली.

मामा म्हणजे पन्हाळ्याच्या वाटेवरच्या गावातून महिन्यातून दोनदा कामाला येणारे गृहस्थ. तेही साठीच्या पुढचे, पण त्यांना वाफसा कायमच असतो. यंदा दुसरा वाफा सपाट जमिनीवर, आणि तोही न खणता करायचा, असे मी त्यांना सांगितले. जागेवरचे गवत-तण बुंध्याशी कापून घ्यायचे, त्यावर पुठ्ठे भिजवून एकावर एक सरकवून पसरायचे, त्यावर कुजलेले खत आणि पाचट यांचे थर द्यायचे, आणि पुढचे काम गांडुळांवर सोपवायचे. मामांनी शांतपणे ऐकून घेतले, तंबाखू मळली आणि म्हणाले, "आण्णा, रान न उकरता वाफा करायचा म्हंजे पीठ न मळता भाकरी थापायची की ओ!" मला उत्तर सुचले नाही. तरी वळवाचा पहिला पाऊस पडून गेल्यावर आम्ही दोघांनी पुठ्ठे पसरले. फ्रीज आणि वॉशिंग मशीन यांच्या खोक्यांचे पुठ्ठे त्यासाठी उत्तम. त्यांवरच्या चिकटपट्ट्या आणि पिना तेवढ्या काढून टाकाव्या लागतात, आणि हे काम बसून करण्याजोगे असल्यामुळे मी ते आनंदाने पत्करले. महिनाभराने एका कोपऱ्यातला पुठ्ठा उचलून पाहिला, तर खाली जमीन ओलसर आणि मऊ होती, आणि गांडुळांनी वर आणून टाकलेल्या मातीच्या बारीक गोळ्या दिसत होत्या. मामांनी त्यात बोट खुपसून पाहिले. "हाय की," एवढेच म्हणाले.

पुठ्ठ्यांच्या फटींतून लव्हाळा मात्र वर आला होता. त्याच्या जमिनीतल्या गाठी कशालाच दाद देत नाहीत. मागे एकदा वैशाखात मी दीड महिना पारदर्शक प्लास्टिक अंथरून, कडा मातीने दाबून, जमीन तापवली होती. बाकीच्या तणांचे बी बरेचसे भाजून गेले, आणि लव्हाळा प्लास्टिक फोडून वर आला. महापुरात तरून जाणाऱ्या लव्हाळ्याचे आपल्याकडे मोठे कौतुक आहे. ज्याने तो वाफ्यातून काढला आहे, त्याचेही मत एकदा घ्यावे.

काय लावायचे, याबद्दल मी आता पूर्वीइतका उदार राहिलो नाही. सोनचाफा लावायचा तर कलमी, म्हणजे वर्ष-दोन वर्षांत फूल दिसते. रोपाचा लावून आठ-दहा वर्षे वाट पाहण्याची माझी तयारी आहे, पण कराराला दोन पक्ष लागतात. शेवगा सहा-आठ महिन्यांत शेंगेवर येतो, त्याच्याशी माझे जमते. मेथी आणि पोकळा महिन्याभरात ताटात येतात. सौ.ला चटणीसाठी संकेश्वरी मिरची हवी असते, तेव्हा तिची दहा रोपे नकाशात कायमची असतात आणि त्यांच्या जागेबाबत चर्चा होत नाही.

पेरणीचे दिवस मी अजून नक्षत्रांवरच धरतो. मृगाला दोडका आणि घेवडा टोकायचा, म्हणजे वेल मांडवाला लागेपर्यंत पावसाचा जोर यायचा असतो. पालेभाजीला तेव्हा हात लावायचा नाही, ती कुजते. पुनर्वसूच्या पावसाला आपल्याकडे तरणा म्हणतात आणि पुष्याच्या पावसाला म्हातारा. नावावरून वाटते की दुसरा जरा नरम असावा. माझा अनुभव तसा नाही. तरणा येतो, गडगडतो आणि जातो. म्हातारा एकदा बसला की उठत नाही. २०२१ च्या जुलैत पंचगंगा पात्राबाहेर गेली ती याच म्हाताऱ्याच्या दिवसांत. त्यामुळे मिरचीची रोपे मी त्याच्या जाण्यानंतरच लावतो, आणि त्याच्या चिकाटीबद्दल मला थोडी आपुलकीही वाटते.

आता तिसरा वाफा वहीत आहे. तो पहिल्यासारखाच चिऱ्यांचा आणि उंच असेल, पण आराखड्यात एक दुरुस्ती करणे भाग पडले आहे. पहिल्या वाफ्याची कड नऊ इंचांची ठेवली होती, ती मी एकट्याने बसून खुरपावे म्हणून. कोल्हापुरात मात्र दीड फूट उंचीची कोणतीही सपाट गोष्ट फार दिवस एकट्याची राहत नाही. आधी मामा चहा घ्यायला तिथे बसू लागले. मग शेजारचे दोघे निवृत्त मास्तर सकाळी फिरून येताना मागच्या फाटकातून आत येऊ लागले. नदीची पातळी, उसाचा दर आणि तालमींचे राजकारण यांवर तिथे रोज आठ वाजेपर्यंत बोलणे चालते, आणि नऊ इंच जागा कोणालाच पुरत नसल्यामुळे सगळे थोडे मागे सरकतात. त्या बाजूची कोथिंबीर दोनदा पेरली, दोनदा बसून सपाट झाली. मास्तरांना उठा म्हणणे शक्य नाही; आणि खरे सांगायचे तर आठ वाजेपर्यंत मलाही तिथून उठता येत नाही, गुडघा ताठलेला असतो. काल रात्री वही काढली, पूर्वेकडच्या कडेवरचा नऊचा आकडा खोडला आणि तिथे पंधरा लिहिले.