गप्पांना साजेसं विणकाम

विणकामाच्या कट्ट्यावर नेऊ नये असं विणकाम म्हणजे जाळीची शाल. बारा-बारा टाक्यांचा नमुना, दर सुईला, म्हणजे विणीच्या दर ओळीला, वेगळा हिशोब. तेवढ्यात शेजारून ‘लेकीचं ठरलं का गं?’ असा प्रश्न येतो आणि सुईवर दोरा घ्यायचा राहून जातो. एक टाका कमी पडल्याचं पुढच्या सुईला कळतं, तोवर नेमका कुठे राहिला हे शोधायला सगळी जाळी डोळ्यांखालून घालावी लागते. मग उत्तरं ‘हं, हं’ अशी तुटक होतात. माणसं समोर असूनही विणणारी बाई एकटीच बसलेली असते. अशी जाळी घरी, फोनवर तक्ता उघडून विणावी.

कट्ट्याला हवं हाताला पाठ असलेलं काम. दोन सुलट दोन उलटची पट्टी उत्तम, कारण पुढचा टाका कोणता हे खालची वीणच सांगते. किंवा गोल सुईवरची (दोन टोकं दोरीने जोडलेल्या सुईवरची) टोपी. चार-पाच वर्षांच्या मुलासाठी मध्यम जाडीची लोकर, ४ मिलिमीटरची सुई आणि ९६ टाके. मात्र टाके घालणं आणि पहिला फेरा घरीच उरकावा. गोल जोडताना टाक्यांची कड सुईभोवती पिळली गेली, तर पहिल्या फेऱ्यात ती सरळ करता येते. चार बोटं वीण झाल्यावर उसवण्याला पर्याय नाही. बोलता बोलता हा पीळ हमखास पडतो. मधले साधारण १३ सेंटीमीटर नुसते सुलट, ते कट्ट्यावर. मग टाके कमी करणं, म्हणजे घट, सुरू होते: दहा टाके सुलट, दोनांचा एक, असं आठ वेळा केलं की ८८ राहतात. ही मोजणी सुरू झाली की टोपी पुन्हा घरी.

नमुना शोधायला आणि पारखायला मात्र इंटरनेटसारखं दुसरं काही नाही. २००७ साली अमेरिकेत जेसिका आणि केसी फोर्ब्स या जोडप्याने ‘रॅव्हलरी’ ही विणकामाची वेबसाइट सुरू केली. तिथे एकाच स्वेटरखाली तो विणलेल्या कितीतरी जणांच्या नोंदी सापडतात: कोणती लोकर घेतली, किती लागली, बाही कुठे घट्ट झाली. टाके घालण्याआधी या नोंदी आणि नमुन्यातल्या चुकांची दुरुस्ती वाचली, तर पुढची बरीच उसवाउसव वाचते. दहा मिनिटं पुरतात. पुढचा तासभर लोकांचे तयार स्वेटर बघण्यात जातो आणि आपला तसाच पडून राहतो, ही वेगळी गोष्ट.

सुयांच्या क्रमांकांनी मात्र भलेभले फसतात. आपल्याकडे दुकानात अजून जुने ब्रिटिश क्रमांक चालतात: ८ नंबर म्हणजे ४ मिलिमीटर, १० नंबर म्हणजे ३.२५. अमेरिकन ८ नंबर ५ मिलिमीटरचा आणि १० नंबर ६ चा. एकीकडे आकडा वाढला की सुई बारीक, दुसरीकडे जाड. म्हणून मिलिमीटरच बघावेत, आणि तरीही १५ सेंटीमीटरचा चौकोन विणून, धुऊन, वाळवून मधल्या १० सेंटीमीटरातले टाके मोजावेत. नमुन्यात २२ टाके असताना आपल्या हाताचे २० भरले, तर १९८ टाक्यांचा ९० सेंटीमीटर घेराचा स्वेटर ९९ चा होतो. तो मग दुसऱ्याच कुणाला तरी ‘खास तुझ्यासाठी’ म्हणून द्यावा लागतो.

फोटोवरून जे सांगता येत नाही, ते शेजारी बसलेलीला दोन टाक्यांत दिसतं. वीण घट्ट येते आणि तिरकी जाते, अशी तक्रार इंटरनेटवर फोटोसकट टाकली की वीस उत्तरं येतात: सुई बदला, लोकर बदला, हात सैल सोडा. खरं कारण बऱ्याचदा एवढंच, की उलट सुईला दोरा उलट्या दिशेने गुंडाळला जातोय. त्यामुळे टाक्याचा पुढचा पाय (सुईवरच्या फासाची पुढची बाजू) मागे जातो आणि सुलट विणताना टाक्याला पीळ पडतो. व्हिडिओत नेमका तो क्षण अंगठ्याआड असतो. शिकणारीने शिकवणारीच्या शेजारी बसावं. डावखुरीने समोर, म्हणजे आरशात पाहिल्यासारखं जसंच्या तसं उचलता येतं. व्हिडिओ कॉलवर शिकवायचं तर कॅमेरा खांद्यावरून खाली हातांकडे हवा. चेहरा दाखवणारा फोन गप्पांना ठीक, टाक्यांना नाही. आणि शिकवणारीने दुसरीच्या सुईवर ‘दाखवते हं’ म्हणत चार सुया विणू नयेत; दोघींच्या हातांची ओढ वेगळी असते, तो पट्टा कापडात कायमचा दिसतो.

परदेशातल्या भाच्यासाठी विणायचं, तर व्हिडिओ कॉलवर आधी एकच विचारावं: धुणार कशात? साधी शुद्ध लोकर मशीनमध्ये घातली की आटून नमदा होते. तिथे मशीनमध्ये धुता येईल अशी प्रक्रिया केलेली लोकर किंवा ॲक्रिलिक बरं. ॲक्रिलिकवर गरम इस्त्री मात्र फिरवू नये; वीण चपटी होते ती होतेच.

२००५ पासून जूनच्या दुसऱ्या शनिवारी जगभर चारचौघांत बसून विणण्याचा दिवस पाळतात. ज्यांनी तारीख ठरवली, त्यांच्याकडे तेव्हा उन्हाळा असतो. मुंबई-पुण्यात नेमका पाऊस येऊन ठेपलेला, त्यामुळे आपल्याकडे बागेपेक्षा कुणाचा तरी हॉल सोयीचा. संध्याकाळी दिव्याखाली बसायचं तर काळी किंवा गडद निळी लोकर नेऊ नये. टाके दिसत नाहीत, आणि सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने वर चढवायला चार डोकी एकाच पिशवीवर वाकतात.

उठताना सुई अर्धी सोडू नये, हा नियम मात्र सगळ्या पाळतात. अर्ध्यात टाके निसटतात, आणि पुढल्या वेळी कोणत्या बाजूने सुरुवात करायची तेच कळत नाही. मिनिटाला पंचवीस-तीस टाके या वेगाने १२० टाक्यांची सुई चार-पाच मिनिटांत संपते. पण एकीची संपेपर्यंत दुसरी ‘मग मीपण एक काढते’ म्हणते, आणि दारात चपला घालून उभी असलेली तिसरी पुन्हा आत येऊन बसते.