निस्क्वालीचा बांध तोडला ते फार बरं झालं

सॅमन म्हटलं की सगळ्यांना उलट्या धारेत उड्या मारणारा मोठा मासाच आठवतो, त्याची पिल्लं कुठे वाढतात हे कोणी विचारत नाही. चिनूक सॅमनची बोटभर पिल्लं नदीतनं खाली आली की लगेच समुद्रात जात नाहीत, बरीचशी काही आठवडे खाडीतच काढतात, कारण गोड्या पाण्यातनं खाऱ्यात जायचं तर कल्ले, किडनी सगळ्यांचंच काम बदलतं आणि त्याआधी खाऊन खाऊन अंग धरावं लागतं.

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात सिएटलहून ऑलिम्पियाकडे जाताना निस्क्वाली नदीची खाडी लागते. तिथे 1900 नंतर लगेचच शेतीसाठी बांध घातला आणि शंभरेक वर्षं आतल्या जमिनीला भरतीचं पाणी शिवलं नाही. आपल्याकडे कोकणात खारबंदिस्ती करतात ना, साधारण तसंच. तिथल्या मूळ रहिवाशांच्या निस्क्वाली जमातीने आधी स्वतःच्या जमिनीवरचे बांध काढले, मग 2009 मध्ये खाडीतल्या वन्यजीव अभयारण्याचाही मोठा बांध काढला आणि 762 एकरांत भरती परत आली. या जमातीचे बिली फ्रँक ज्युनियर मासेमारीच्या हक्कासाठी पन्नासहून जास्त वेळा अटक झाले, आज अभयारण्याला त्यांचंच नाव आहे, आणि ते अगदी योग्य आहे.

आता तिथे लाकडी वाटेवरून ओहोटीला खाली बघा, चिखलात बारीक बारीक नाळ्या दिसतात, भरती आली की त्यांतूनच पिल्लं आत शिरतात आणि किडे, कोळंबीसारखे बारके जीव खातात. तो चिखल बघून कोणी म्हणेल पडीक जागा आहे! मुंबईत कांदळवनाबद्दल हेच बोलतात आणि भराव टाकतात, कोळंबीची पिल्लंसुद्धा तिथेच वाढतात हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

पण बांध तोडला म्हणजे सगळं झालं असं नाही. इतकी वर्षं गाळ न आल्याने आतली जमीन खचलीय आणि नदीच्या वरच्या अंगाला आल्डर धरण नदीचा बराचसा गाळ अडवतं, म्हणजे जमीन वर यायला गाळ लागणार आणि तोच कमी. त्यात आय-फाइव्ह हायवे याच खोऱ्यात भरावावरून जातो, नदीला पसरायला जागाच ठेवत नाही. तिथे भराव काढून लांब पूल बांधायची चर्चा चालू आहे. खर्च प्रचंड आहे, ट्रॅफिकचे हाल होतील, मीपण त्याच रस्त्याने जाते, तरी माझं स्पष्ट मत आहे की तो पूल व्हायलाच हवा.