केळीचा कंटेनर लेट झाला त्या रात्री

चोपडा तालुक्यात केळीच्या पॅकहाऊसवर सुपरवायझर आहे मी. मे महिना होता, दुबईला जायचा माल होता, १३ किलोचे खोके भरून कोल्डरूमला लागलेले आणि कंटेनर काही येईना. ड्रायव्हरचा फोन आला की कसारा घाटात जाम आहे, रात्र होईल. कंटेनर लागल्याशिवाय कोणाला सोडता येत नाही, म्हणून फण्या धुणाऱ्या, चिकटपट्टी लावणाऱ्या सगळ्या बायका तिथंच क्रेटवर टेकल्या, कोणी डबा उघडला.

त्यातल्या एक मावशी, आठ वर्षं झाली फण्या धुताहेत, हाताला केळीच्या चिकाचे काळे डाग कायमचे बसलेत, त्या एकदम म्हणाल्या, "भाऊ, हाई केयं कोठे जास?" (हे केळं कुठं जातं?) मी सवयीनं बोलून गेलो, सातासमुद्रापार. तर म्हणे, "कोनता सात?"

आता खरं सांगतो, मला नीट उत्तर देता येईना. रोज कागदांवर दुबईचं जेबेल अली बंदर लिहितो पण मावशींना दाखवायचं म्हटलं तर हात अडला. मग मार्कर घेतला, खाकी कागदाचा मोठा तुकडा जमिनीवर पसरला आणि शाळेत शिकलेलं आठवून जगाचा नकाशा काढला. डावीकडे दोन्ही अमेरिका, मध्ये युरोप आणि आफ्रिका, मग आशिया, खाली कोपऱ्यात ऑस्ट्रेलिया, तळाला अंटार्क्टिका. सात झाले, पण ते खंड. महासागर पाचच, पॅसिफिक, अटलांटिक, हिंदी, आर्क्टिक आणि अंटार्क्टिकाभोवतीचा दक्षिण महासागर.

मावशींनी पाणी बोटानं मोजलं आणि सहा म्हणाल्या. मी पुन्हा दाखवलं, पुन्हा सहा. मग लक्षात आलं, कागदाच्या डाव्या कडेला पाण्याची एक पट्टी आणि उजव्या कडेला दुसरी, त्यांना ते दोन वेगळे समुद्र वाटत होते, आणि कागद बघून कोणालाही तसंच वाटणार! तुरटीच्या पाण्याचा निळा ड्रम शेजारी होता, रिकामाच. कागद उचलून त्याच्याभोवती गुंडाळला, दोन्ही कडा जुळवून चिकटपट्टी मारली आणि दोन बारक्या पट्ट्यांचा एक प्रचंड समुद्र झाला. तोच पॅसिफिक. साधारण साडेसोळा कोटी चौरस किलोमीटर, म्हणजे जगातली सगळी जमीन एकत्र केली तरी पंधरा कोटीच्या आतच राहते, त्याच्यात मावून वर जागा उरेल. सगळ्या बायका उठून ड्रमभोवती फिरायला लागल्या. एवढी वर्षं मी नकाशे बघतोय पण तो समुद्र असा अखंड मलाही त्या रात्रीच दिसला.

मग आपला रस्ता काढला. चोपड्याहून धुळे, मालेगाव, नाशिक, मुंबईजवळचं न्हावा शेवा बंदर, तिथून अरबी समुद्र आणि होर्मुझच्या चिंचोळ्या सामुद्रधुनीतून आत दुबई. केळी परदेशात जाते पण आशिया खंड सोडतच नाही, आणि अरबी समुद्र म्हणजे हिंदी महासागराचाच भाग, तिकडचं पर्शियन आखातसुद्धा त्याचंच. सात कुठले, अख्ख्या रस्त्यात एकच महासागर.

मावशींनी विचारलं, तापी कुठंय यात? मी काढलीच नव्हती. ज्या नदीच्या पाण्यावर ही केळी उभी आहे तीच राहून गेली होती याचं मला मनापासून वाईट वाटलं. मध्य प्रदेशात मुलताईला टिंब दिलं, तिथून भुसावळवरून आपल्याकडं आणि पुढं सुरतेला खंभातच्या आखातापर्यंत रेघ ओढली, सव्वासातशे किलोमीटरची नदी त्या कागदावर नखाएवढी आली. आपल्याकडच्या बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेला बंगालच्या उपसागरात जातात, तापी आणि नर्मदा मात्र उलट्या पश्चिमेला, अरबी समुद्राकडं. मावशी बराच वेळ त्या रेघेवर बोट ठेवून उभ्या होत्या.

अडीचला कंटेनर लागला. टेम्परेचर साडेतेरा डिग्रीला लावलं (त्याच्या खाली गेलं की साल काळवंडते, अख्खा लॉट रिजेक्ट) आणि लोडिंग चालू झालं ते उजाडेपर्यंत.

सकाळच्या पाळीच्या बायका आल्या तर मावशी घरी न जाता ड्रमजवळ उभ्या, आणि एकीला समजावत होत्या, "तापी ज्या समुद्रमा जास ना, त्याच समुद्रमा आपलं केयं जास."