घड्याळ लागंना झालंय

बेळगावकडच्या मराठीत माणूस वस्तू शोधत नाही, हुडकतो. कन्नडमधल्या ‘हुडुकु’चा हा सख्खा भाऊ, राज्याची हद्द कुठून गेली आहे याची त्याला आजवर खबर नाही. नवं स्मार्ट घड्याळ फोनला जोडायला बसलं की फोनच्या पडद्यावर ‘सर्चिंग’ असं येतं, खाली एक गोल फिरत राहतो आणि भोवती जमलेल्यांपैकी कोणीतरी म्हणतंच, ‘हुडकालाय, हुडकालाय, थांब जरा.’ पाच मिनिटांनी तोच आवाज खाली आलेला असतो. ‘लागंना झालंय बघ.’ म्हणजे जोडलं जाईना.

घड्याळ मनगटावर, फोन त्याच हातात, मध्ये वीतभर अंतर, आणि तरी दोघांची ओळख पटत नाही. मग घड्याळ खोक्यात घालून बेळगावच्या गणपत गल्लीच्या बाजूला, दुरुस्तीच्या दुकानाकडे, एक फेरी होते. अशा दहातल्या बहुतेक घड्याळांत दुरुस्त करण्यासारखं काहीच नसतं. यंत्र शाबूत असतं. बिघडलेली असते ती सोयरीक.

सोयरीक मध्यस्थाशिवाय जमत नाही, आणि इथे मध्यस्थ म्हणजे अ‍ॅप. पहिली चूक इथेच होते. माणूस फोनच्या सेटिंगमध्ये जातो, ब्लूटूथच्या यादीत घड्याळाचं नाव दिसतं, त्यावर बोट ठेवतो. फोन म्हणतो ‘पेअर्ड’. अ‍ॅप उघडावं तर ते म्हणतं, घड्याळच नाही. दोघंही खरं बोलत असतात. पावलं, नाडीचे ठोके, मेसेज हा सगळा कारभार ब्लूटूथच्या ‘लो एनर्जी’, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या, वाटेने चालतो आणि ती वाट अ‍ॅपने स्वतः उघडावी लागते. सेटिंगमधून परस्पर केलेली जोडणी बऱ्याचदा या कामाला उपयोगाची नसते, उलट आडवी येते. तेव्हा यादीतलं ते नाव आधी काढायचं, मग अ‍ॅप उघडायचं आणि तिथूनच ‘अ‍ॅड डिव्हाइस’ म्हणायचं. अ‍ॅप कोणतं, ते खोक्यातल्या कागदावर छापलेलं असतं. या अ‍ॅपांची नावं इतकी एकसारखी, जवळजवळ सगळी ‘फिट’वर संपणारी, की अंदाजाने घेतलेलं हमखास दुसऱ्याचं निघतं.

घड्याळ हुडकलं जातं म्हणजे काय होतं, तेही बघण्यासारखं आहे. लो एनर्जी ब्लूटूथला २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात ४० वाटा आहेत. त्यातल्या तीन वाटा निव्वळ हाळी घालायला राखून ठेवलेल्या. कुणाशीच न जोडलेलं घड्याळ या तीन वाटांवर सेकंदाला एक-दोनदा किंवा त्याहून जास्त वेळा ‘मी इथे आहे’ म्हणून ओरडतं आणि फोन कान देऊन ऐकतो. एकदा कुणाशी जोडलं गेलं की बहुतेक घड्याळं गप्प होतात. इथेच पुष्कळ तक्रारींचं मूळ आहे. बेंगळूरला नोकरी करणारा नातू दिवाळीला खानापूरला येतो, आज्जासाठी घड्याळ आणतो, चालतंय का बघायला आधी स्वतःच्या फोनला लावतो. मग आज्जाच्या फोनवर हुडकायला बसतो. सापडणार कसं? ते नातवाच्या खिशातल्या फोनशी केव्हाच बोलत बसलेलं असतं. नातवाच्या फोनचं ब्लूटूथ बंद केलं की पुष्कळदा पुढच्याच मिनिटाला घड्याळ दिसू लागतं. मात्र तेवढ्यावर थांबू नये. नातवाच्या अ‍ॅपमध्ये ‘अनबाइंड’ किंवा ‘रिमूव्ह’ म्हणून रीतसर सोडचिठ्ठी घ्यावी. नाहीतर पुढच्या दिवाळीला नातू उंबऱ्यात पाय ठेवतो आणि आज्जाचं घड्याळ पुन्हा त्याच्या फोनला जाऊन चिकटतं.

सोडचिठ्ठी दोन्हीकडून लागते, आणि सगळ्यात जास्त माणसं अडतात ती इथेच. जोडणी पक्की करताना फोन आणि घड्याळ मिळून एक गुप्त किल्ली ठरवतात आणि दोघंही आपापल्याकडे जपून ठेवतात. पुढे काही अडलं की माणूस घड्याळ ‘रीसेट’ मारतो. घड्याळाकडची किल्ली पुसली जाते, फोनकडची तशीच राहते. फोन जुनी किल्ली घेऊन दार ठोठावतो, आतला ओळख देत नाही. पडद्यावर ‘कनेक्टिंग’ येतं, दोन सेकंदांत ‘डिसकनेक्टेड’, पुन्हा ‘कनेक्टिंग’. हे लपंडाव दिसले की समजावं, किल्ली एकाच बाजूची पुसली आहे. मग सगळं क्रमाने करायचं. आधी अ‍ॅपमध्ये जाऊन घड्याळ काढून टाकायचं (त्याआधी पावलांचा हिशेब एकदा फोनमध्ये उतरवून घ्यावा, नाहीतर न उतरलेला जातो). मग फोनच्या ब्लूटूथ यादीतून ‘फर्गेट’. आयफोनवर ही पायरी लोक हटकून विसरतात. नंतर घड्याळात सेटिंग, सिस्टीम, रीसेट. शेवटी दोन्ही यंत्रं बंद करून चालू. एवढं झाल्यावरच अ‍ॅप उघडायचं. क्रम बदलला तर तीच कटकट नव्याने.

शेजारी-पाजारी तीन-चार सारखीच घड्याळं असली तर यादीत एकाच नावाच्या तीन-चार ओळी येतात. अशा वेळी घड्याळाच्या ‘अबाउट’मध्ये बारा अक्षर-अंकांचा पत्ता असतो, त्यातले शेवटचे चार जुळवून बघावेत. नाहीतर शेजारच्या घरातल्या मामांची पावलं तुमच्या खात्यात जमा.

लोकेशनची भानगड वेगळीच. घड्याळ जोडायला ‘तुम्ही कुठे आहात’ हे अ‍ॅपने का विचारावं, असा संशय येऊन पुष्कळजण ‘डिनाय’ दाबतात. संशय चुकीचा नाही, पण कारण आहे. आसपासची ब्लूटूथ यंत्रं ऐकली तर माणूस कोणत्या दुकानात उभा आहे इथपर्यंत अंदाज बांधता येतो. म्हणून २०१५च्या अँड्रॉइड ६ पासून ब्लूटूथ हुडकायला लोकेशनची परवानगी सक्तीची झाली. २०२१च्या अँड्रॉइड १२ मध्ये त्यासाठी ‘जवळपासची उपकरणे’ अशी स्वतंत्र परवानगी आली. गावाकडे मुलांनी वापरून दिलेले फोन पुष्कळ चालतात, आणि अशा अँड्रॉइड ११ किंवा त्याआधीच्या फोनवर परवानगी देऊनही भागत नाही. वरून पट्टी ओढून लोकेशनचं बटणही चालू ठेवावं लागतं. ते बंद असेल तर गोल फिरत राहतो, चूक काय ते कुणी सांगत नाही.

बोलायची सोय असलेल्या घड्याळाची सोयरीक दोनदा होते. पहिली अ‍ॅपमधून, मेसेज आणि पावलांसाठी. दुसरी आवाजासाठी, जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथने; ही मात्र खरोखरच फोनच्या यादीतून किंवा घड्याळाने विचारल्यावर करायची असते. म्हणून यादीत कधी कधी एकाच घड्याळाची दोन नावं दिसतात. मेसेज येतात पण बोलता येत नाही, तर दुसरी राहिली. बोलता येतं पण मेसेज येत नाहीत, तर पहिली. दुसरी जोडणी झाल्यावरची गंमत खानापूरच्या गाडीत ऐकायला मिळते. फोन कानाला लावलेला, आणि पलीकडच्याचा आवाज मनगटातून अख्ख्या गाडीला: ‘मागल्या बाजारचे पैसे कधी देताय ओ मामा?’ ब्लूटूथच्या यादीत घड्याळाच्या नावापुढच्या चक्रात जाऊन ‘कॉल्स’ बंद केलं की इज्जत वाचते.

पावसाळ्यात आणखी एक निघतं. जांबोटी-कणकुंबीकडचा पाऊस, ओली बाही, घाम. घड्याळाच्या पाठीवरच्या दोन बारीक टिकल्यांवर हिरवट-काळा थर चढतो. चार्जरचं चुंबक धरतं, बॅटरीचं चित्रही क्षणभर येतं, पण वीज आत जात नाही. बॅटरी अगदीच खाली गेली की घड्याळ चालू असतं पण जोडणी धरत नाही. सुका मऊ टूथब्रश आणि दुकानात मिळणारं आयसोप्रोपिल अल्कोहोल, कापसावर दोन थेंब, एवढ्यात काम होतं. सुईने खरवडू नये. टिकलीवरचा मुलामा गेला की गंज आणखी वेगाने चढतो. बॅटरी अर्धी तरी भरल्याशिवाय जोडायला बसू नये. चार्जिंगला जुन्या फोनचा ५ व्होल्ट १ अँपिअरचा साधा ठोकळा पुरतो.

जोडलेलं घड्याळ मध्येच तुटत असेल तर भिंतीकडे बघावं. मोकळ्यात दहा मीटर सहज जाणारी ही लहर जुन्या घरांच्या जाड दगडी भिंतीत दमते. पाण्यालाही ती बिचकते, आणि माणूस म्हणजे पाण्याची पखालच. फोन मागच्या खिशात, घड्याळ डाव्या मनगटात, मध्ये आख्खा देह, एवढ्यानेही तुटतं. त्याला औषध नाही, खिसा बदलावा.

आणि तासाभराने मेसेज यायचे थांबतात, अ‍ॅप उघडलं की धबधब्यासारखे कोसळतात, तर दोष फोनच्या काटकसरीचा. बॅटरी वाचवायला तो मागे चाललेलं अ‍ॅप मारून टाकतो. अ‍ॅपच्या माहितीत जाऊन बॅटरी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करायची, ‘ऑटोस्टार्ट’ चालू करायचं, ‘नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस’ दिलाय ना ते बघायचं, अलीकडच्या अ‍ॅपांच्या यादीत त्याला कुलूप लावायचं. सगळी अ‍ॅपं एका फटक्यात पुसून फोन ‘हलका’ करायची सवय असेल, तर ती याच्या मुळावर येते.

सगळं जुळतं. आज्जाच्या मनगटाला बारीक थरथर लागते, पहिला मेसेज येतो. वाचायला जावं तर चौकोन, चौकोन, चौकोन. स्वस्त घड्याळात देवनागरीचे छापच भरलेले नसतात. थोड्या बऱ्या घड्याळात अक्षरं येतात, पण जुळणी येत नाही. ‘किती’ हा शब्द संगणकाच्या साठवणीत आधी ‘क’ आणि मग ऱ्हस्व वेलांटी असा असतो. पडद्यावर ती वेलांटी ‘क’च्या आधी उचलून ठेवण्याचं काम कुणीतरी करावं लागतं, ते घड्याळ करत नाही. वेलांटी मागेच लोंबकळते, जोडाक्षरांचे पाय मोडून बाजूला पडतात. ‘अपडेट’ आलं तर हे सुधारतं, नाही आलं तर नाही. मेसेज चंदगडच्या व्याह्यांचा मराठीतला, की धारवाडच्या ऑफिसातून कन्नडमध्ये आलेला, हे त्या चौकोनांवरून कळायला मार्ग नसतो. दोन्ही लिप्यांचे चौकोन अगदी सारखे. आज्जा मनगट थोडं लांब धरून बघतात, चष्मा वर-खाली करतात आणि सदऱ्याच्या खिशातून फोन काढतात.