गोधडीची मागची बाजू

ऑस्ट्रेलियाच्या टास्मानिया बेटावर होबार्टला राहायला आल्यापासून बडोद्याहून एकच प्रश्न येतो: तिथे बघण्यासारखं आहे तरी काय? डोंगर, समुद्र, सफरचंदं हे सगळं सांगून झालं. आज तुरुंगाबद्दल लिहिते. बायकांच्या तुरुंगाबद्दल आणि त्यातून निघालेल्या कलेबद्दल. दिवाळीत घरी आले होते तेव्हा दांडिया बाजारातल्या आमच्या घरी आईच्या मैत्रिणींना त्या कलेचे फोटो दाखवले आणि फराळ बाजूला राहून दोन तास वाद झाला. तो वाद इतका चांगला होता की लिहून ठेवावासा वाटला.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय गंमत कळणार नाही. ब्रिटनने आपले कैदी ऑस्ट्रेलियात आणून टाकले हे आपण शाळेत एका ओळीत शिकलो. त्यांत २५,५६६ बायका होत्या असा इथला आकडा आहे, आणि त्यांतल्या जवळपास निम्म्या टास्मानियात उतरल्या. तेव्हा या बेटाला व्हॅन डीमन्स लँड म्हणत. बहुतेकींचे गुन्हे म्हणजे किरकोळ चोऱ्या. शाल, चमचे, कापडाचा तागा. शिक्षा सात वर्षं, दहा वर्षं, आणि परतीचं तिकीट नाही.

५ एप्रिल १८४१ रोजी लंडनजवळच्या वूलिचहून ‘राजा’ नावाचं जहाज निघालं. त्यावर १८० कैदी बायका होत्या. एलिझाबेथ फ्राय या तुरुंगसुधारक बाईंच्या मंडळाने निघताना प्रत्येकीला शिवणाची पिशवी दिली. तिच्यात १०० सुया, टाचण्या, कात्री, अंगुस्तान, रंगीत दोरे आणि ठिगळकामासाठी दोन पौंड कापडाचे तुकडे. साडेतीन महिने समुद्रावर बसून काय करणार? त्यांतल्या काहीजणींनी गोधडी शिवली. २,८१५ तुकडे, एकेक बाजू सव्वातीन मीटरच्या आसपास. मधल्या चौकोनात छापील कापडातले पक्षी आणि फुलं कातरून वर शिवलेली, भोवती पट्ट्यांमागून पट्ट्या. १९ जुलैला जहाज होबार्टला लागलं. पुढे ही गोधडी इंग्लंडला परत गेली असावी, आणि मग ती दिसेनाशीच झाली. १९८७ मध्ये स्कॉटलंडमधल्या एका घराच्या माळ्यावर ती सापडली. आता ती कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात असते. कापड इतकं नाजूक झालंय की क्वचितच बाहेर काढतात, तेही मंद उजेडात. मी ती तिथेच पाहिली.

आता दांडिया बाजार. आई लग्नाआधी सुरसागरजवळच्या महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालयात शिवण शिकलेली. ही संस्था १९१४ पासूनची. चिमणाबाईंनी बायकांच्या हाताला काम मिळावं म्हणून काढलेली. बडोद्यातल्या निम्म्या मराठी घरांत तिथे शिकलेली एखादी आत्या किंवा मावशी सापडतेच. त्यामुळे फोटो बघताना त्या चौघींपैकी कुणीही ‘अरेरे, बिचाऱ्या’ म्हणून सुरुवात केली नाही. आईने चष्मा लावला, फोटो मोठा केला आणि विचारलं, “मागची बाजू कुठाय?”

“मागची नाही दाखवत गं.”

“मग काय पाहिलंस? आमच्या बाई उलटी बाजू बघितल्याशिवाय मार्क द्यायच्या नाहीत.”

सुलूमावशीचं लक्ष टाक्यांकडे. “हे बघ, ही पट्टी एका हातची नाहीये. इथे टाका बारीक आहे आणि इथून पुढे कुणी नवशिकी बसलीय. दोरा ओढलाय तिने.” मी तिला सांगितलं की जाणकारही हेच म्हणतात. काही टाके अतिशय सफाईदार, काही ओबडधोबड. कापडावर सुई टोचून पडलेले रक्ताचे बारीक डागही आहेत. त्यावर आई म्हणाली, “म्हणजे अंगुस्तान दिलं होतं, पण घालायला कुणी शिकवलं नाही.”

आणखी एक गोष्ट आईच्या मैत्रिणींनीच बोलण्यात काढली. पक्षी-फुलं कातरून दुसऱ्या कापडावर बसवण्याची ती तऱ्हा मुळात आपल्याकडच्या छिटांमुळे युरोपात रुजली. आपल्या किनाऱ्यांवरून जाणारी छापील-रंगीत कापडं इतकी महाग पडायची की चिंधीसुद्धा फेकवत नसे, म्हणून त्यातलं एकेक फूल कातरून वापरायचे. पुढे इंग्लंडच्या गिरण्या तशीच छपाई यंत्रावर करू लागल्या आणि ‘राजा’वरच्या बायकांच्या पिशव्यांत आलं ते बहुतेक हेच स्वस्त गिरणीचं कापड. “आपलंच डिझाइन आणि आपल्यालाच विकलं,” सुलूमावशी. स्वदेशीचं भाषण पुढे दहा मिनिटं चाललं, ते गाळते.

खरा वाद झाला तो गोधडीवरच्या मजकुरावरून. तळाशी रेशमाच्या दोऱ्याने अगदी बारीक अक्षरांत भरलेला लेख आहे, जून १८४१ तारखेचा. मतलब असा की, कैदी जहाजांसाठी झटणाऱ्या बायांच्या मंडळाला आमची कृतज्ञ भेट. उद्योगी राहण्याचा तुमचा उपदेश आम्ही टाकून दिला नाही याचा हा पुरावा. जहाजावर केझिया हेटर नावाची तेविशीतली मेट्रन, म्हणजे कैदिणींवर देखरेख करणारी बाई होती, चित्रकारांच्या घराण्यातली. मला तरी वाटतं की गोधडीचा आराखडा आणि हा मजकूर दोन्ही तिच्या डोक्यातून आले असावेत. (तिचं त्याच प्रवासात जहाजाच्या कप्तानाशी लग्न ठरलं. एकाच जहाजावर कुणाचा काय प्रवास!) आभार मानायला कैदिणींना जागा होती, दुसरं काही लिहायला नव्हती. १८० जणींपैकी कुणाचंही नाव गोधडीवर नाही.

आईचं मत वेगळं. ती म्हणाली, “आभार खरेही असतील. साडेतीन महिने हाताला काम मिळालं, डोकं ठिकाणावर राहिलं. तुला कुणी रिकामं बसवलं तर कळेल.” बरोबर आहे तिचं. तरीही त्या कृतज्ञतेवर माझा पूर्ण विश्वास बसत नाही, आणि त्याला कारण आहे होबार्टमधला एक किस्सा.

गोधडी इथे पोचली तेव्हा ती गव्हर्नरची बायको लेडी जेन फ्रँकलिन यांच्याकडे सोपवली असं सांगतात. याच बाई काही वर्षं आधी नवऱ्याबरोबर आणि पाद्र्याबरोबर बायकांच्या तुरुंगात प्रार्थनेला गेल्या होत्या. पाद्र्याचं प्रवचन रंगात आलं असताना तीनशे कैदिणींनी एकदम पाठ फिरवली, झगे वर केले आणि उघड्या ढुंगणांवर थापट्या मारल्या! किती खरं आणि किती तिखटमीठ, यावर इतिहासकार भांडतात. पण त्या तुरुंगात ‘फ्लॅश मॉब’ म्हणून ओळखली जाणारी दांडगट बायकांची टोळी होती, याबद्दल वाद नाही. दांडिया बाजारात हा किस्सा सांगितल्यावर जो हशा झाला तो खालच्या मजल्यापर्यंत गेला. सुलूमावशी डोळे पुसत म्हणाली, “हे कुणी भरलं नाही का गोधडीवर?”

तो तुरुंग म्हणजे कॅस्केड्स फीमेल फॅक्टरी, माझ्या घरापासून बसने थोडाच लांब. दारूच्या जुन्या भट्टीच्या जागेवर १८२८ मध्ये सुरू झाला. डोंगराच्या सावलीत, ओढ्याकाठी, दुपारीही दमट. आता मुख्यतः भिंती आणि मोकळी आवारं उरली आहेत. ऑस्ट्रेलियातल्या आणखी दहा कैदी-स्थळांबरोबर २०१० मध्ये तो जागतिक वारसा झाला. आत बायकांचे तीन वर्ग असत. सगळ्यात खालच्या वर्गातल्या बाईच्या जाकिटाच्या पाठीवर, बाहीवर आणि झग्यावर मोठा पिवळा ‘सी’ शिवलेला. मधल्या वर्गाला फक्त बाहीवर. शहराचे कपडे धुवायचे, जुने दोरखंड उसकटायचे, सूत कातायचं.

बाहेर कुणाकडे कामावर पाठवलेली कैदीण लग्नाशिवाय गरोदर राहिली की तिला इथे परत आणत, मग मालकानेच तिला त्या अवस्थेत आणलेलं असलं तरी. मूल अंगावरून सुटलं की तिला सहा महिने शिक्षेच्या वर्गात टाकत. मुलं दमट खोल्यांत दाटीवाटीने ठेवलेली, फार मेली. जगली त्यांना दोन-तीन वर्षांची झाल्यावर अनाथशाळेत पाठवायचे. इथे मी फिरले तेव्हा एकही चित्र किंवा पुतळा नसलेल्या आवारात सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले, आणि ते आवार मुलांचं होतं.

आता या बायकांवर आज जी कला होते तिच्याबद्दल. होबार्टच्या धक्क्यावर आयरिश शिल्पकार रोवन गिलेस्पी यांचे ब्राँझचे पुतळे आहेत. तीन बायका आणि एक मूल, नुकतेच जहाजातून उतरल्यासारखे. २०१७ मध्ये आयर्लंडच्या राष्ट्राध्यक्षांनी त्यांचं अनावरण केलं. पुतळे उत्तम आहेत, हाडं दिसणाऱ्या लांब देहांचे. पर्यटक त्यांच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढतात. मला मात्र ते जरा जास्तच सोज्वळ वाटतात. झगा वर करणारी यात एकही नाही.

त्यापेक्षा मला क्रिस्टिना हेन्री या टास्मानियन कलावतीचं काम जवळचं वाटतं. त्यांनी जगभरच्या लोकांना साधी सुती टोपी शिवायला सांगितली, जुन्या काळच्या मोलकरणी घालत तशी. एका कैदिणीसाठी एक टोपी. टोपीवर तिचं नाव, जहाज आणि वर्ष भरायचं. उद्दिष्ट २५,५६६ टोप्यांचं. कित्येक टोप्या त्या बायकांच्या पणत्या-खापरपणत्यांनी शिवल्या. पूर्वी इथली घराणी कैदी पूर्वज लपवायची, आज तेच लोक आपली कैदीण शोधत अभिलेखागारात बसतात. शिवणकाम चांगलं असो वा वाईट, टोपी घेतली जाते. आईच्या बाईंना हे अजिबात चाललं नसतं.

बडोदेकरांना एक सांगावं लागत नाही, की गोधडी आणि टोपी ही ‘कला’ कशी. आपल्या बडोद्याच्या फाइन आर्ट्स फॅकल्टीत के. जी. सुब्रमण्यन यांच्यासारखे शिक्षक तिथल्या फेअरसाठी स्वतः खेळणी करायचे आणि विद्यार्थ्यांसोबत विकायचे. इथे मात्र अशा गोष्टी फार काळ कलादालनाऐवजी इतिहासाच्या कपाटात पडून राहिल्या.

आजच्या तुरुंगाचं काय? होबार्टच्या पलीकडे रिझ्डनला बायकांचा चालू तुरुंग आहे. त्याला नाव दिलंय मेरी हचिन्सन यांचं. या कॅस्केड्सच्या मेट्रन होत्या. त्यांनीही त्याच दमट जागी स्वतःची मुलं गमावली, त्यामुळे मी त्यांना खलनायिका करत नाही. पण २५,५६६ नावं हाताशी असताना पाटीवर आलं ते किल्ल्या सांभाळणाऱ्या बाईचं.

ऑस्ट्रेलियातल्या कैदी बायकांत आदिवासी बायका तिसऱ्या हिश्श्याहून जास्त आहेत, लोकसंख्येत त्या चार टक्केही नाहीत. मेलबर्नला ‘द टॉर्च’ ही संस्था तुरुंगातल्या आणि सुटून आलेल्या आदिवासी कलाकारांबरोबर काम करते आणि दरवर्षी ‘कन्फाइन्ड’ नावाचं प्रदर्शन भरवते. चित्राशेजारी कलाकाराचं नाव, तिचा समाज आणि किंमत. विकलं गेलं तर सगळी रक्कम तिची. या पाटीपुढे मला ‘राजा’वरचा तो रेशमी लेख आठवला. इथे कुणी कुणाचे आभार मानत नव्हतं.

आपल्याकडे २०२२ अखेर २३,७७२ बायका तुरुंगात होत्या आणि त्यांच्याबरोबर १,७६४ मुलं. मूल सहा वर्षांचं होईपर्यंत आईजवळ राहू शकतं. आपल्या तुरुंगांतही बायका शिवतात, विणतात, भरतकाम करतात आणि त्यांच्या वस्तू विकायलाही येतात. आईच्या घरी अशीच जेलमधली एक सतरंजी आहे, आजोबांनी घेतलेली, अजून मजबूत. कुणी विणली याची खूण मी शोधली. कोपऱ्यात फक्त एक नंबर आहे.

तर बडोद्याच्या मंडळींना विनंती. तुमच्याकडे जेलमधून घेतलेली सतरंजी, चादर, रुमाल काहीही असेल तर फोटो पाठवा, आणि कोणत्या जेलचं, साधारण कधी घेतलं तेही कळवा. एकाऐवजी दोन फोटो काढा. आईने बजावून सांगितलंय, उलट्या बाजूचा आधी.